सायकल खांद्यावर घ्यायला लाजू नका



काळ्या मातीत, पावसाळ्यात सायकल चालवलेल्या माणसाला आजचा विषय लगेच कळेल. नरडाण्याच्या आसपास झडीच्या दिवसांत शेतरस्त्याला लागा. शंभर पावलांत मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिखल ठासून बसतो. चाक फिरत नाही. काडी घ्यायची, चिखल उकरायचा, दहा पावलं ढकलायची, परत तेच. शेवटी माणूस काय करतो? चपला हातात, सायकल खांद्यावर, आणि नाला पार. आपल्या वडिलांनी हे केलंय, आपल्यापैकी अनेकांनी शाळेत जाताना केलंय. तेव्हा कुणी ‘हरला’ म्हणालं का? नाही. सगळ्यांना माहीत होतं की पलीकडे डांबरी रस्ता आहे, तिथे हा परत टांग मारणार.

युरोपात याच गोष्टीची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिचं नाव सायक्लोक्रॉस. मागच्या व्हिडिओत मी तिचा उल्लेख केला, तर बऱ्याच जणांनी विचारलं, “सर, सायकलच्या शर्यतीचा आणि आमच्या धंद्याचा काय संबंध?” संबंध आहे. आणि माझ्या एका चुकीशीही आहे. ती चूक आज सांगणार आहे.

आधी शर्यत समजून घ्या

बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स या देशांत जानेवारीत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यती होतात. शनिवार-रविवारचा मेळाच म्हणा. पोरांची शर्यत, महिलांची, पुरुषांची, एकापाठोपाठ एक, त्याच वाटेवर. पाऊस झालेला असेल तर मोठ्या शर्यतीची वेळ येईपर्यंत त्या वाटेचं नांगरलेलं शेत झालेलं असतं.

एक फेरी साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरची. त्यात गवत, चिखल, वाळू, निसरडे चढ, पायऱ्या आणि मुद्दाम आडव्या लावलेल्या फळ्या. फळी ४० सेंटीमीटरपर्यंत उंच. पुरुषांची शर्यत साधारण एक तास चालते, महिलांची ५० मिनिटं. टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे चिखलात मोठा टायर टाकून सुटका करून घेता येत नाही. किती फेऱ्या मारायच्या ते सुरुवातीला सांगतही नाहीत. पहिल्या फेऱ्यांना किती वेळ लागला ते पाहून आकडा ठरतो आणि मग पाटीवर लागतो. आपल्या धंद्यासारखंच. आधी उडी मारायची, अजून किती फेऱ्या आहेत ते नंतर कळतं.

जो जिंकतो त्याला देशाच्या रंगांची जर्सी मिळते आणि पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत तो सायक्लोक्रॉसमध्ये तीच घालून उतरतो.

आता मुद्दा. या शर्यतीत प्रत्येक जण सायकलवरून उतरतो. एकदा नाही, तासाभरात कितीतरी वेळा. फळ्या आल्या की उतरायचं, सायकल उचलायची, पळत पलीकडे जायचं, उडी मारून बसायचं. चढ फार निसरडा असेल तर सायकल सरळ खांद्यावर घेऊन पळायचं. पहिला येणाराही उतरतो आणि शेवटचाही उतरतो. आणि काठावर उभी असलेली माणसं तेव्हाच सगळ्यात जास्त ओरडून दाद देतात.

हे कच्च्या लोकांचं काम आहे असं समजू नका. फ्रान्सनं १९०२ मध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. १९०७ मध्ये ती जिंकणारा ऑक्टाव्ह लापिझ तीन वर्षांनी, १९१० मध्ये, टूर द फ्रान्स जिंकला. १९५० मध्ये पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती जिंकली जाँ रोबिकनं. तो १९४७ चा टूर द फ्रान्सचा विजेता होता. ज्यांच्या पायात जगात सगळ्यात जास्त ताकद, त्यांना सायकलवरून उतरून चिखलात पळायची लाज वाटली नाही.

आणि आपण? दुकानाचं शटर एक दिवस खाली असलं तरी आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी मी एक व्हिडिओ टाकला होता. ‘थांबला तो संपला’ या एकाच वाक्यावर अख्खा दहा मिनिटांचा. खूप चालला. शेअर झाला. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल.

त्याच काळात आपल्या बॅचमधल्या एका भावाचा फोन आला. दोंडाईचाकडचा माणूस. आपल्याकडे मिरची चांगली मिळते म्हणून त्यानं बँकेचं कर्ज काढून मिरची दळायचं युनिट टाकलं होतं. माल उत्तम. पण हायवेवरचे ढाबे उधारीवर माल घेत होते, आणि पैसे द्यायच्या वेळेला मालक जागेवर नसायचे. मिरचीचा भाव वर गेला तसा खेळता पैसा संपला.

त्यानं मला फार शहाणा प्रश्न विचारला. “सर, सहा महिने मशीन बंद ठेवू का? दोन पोरांचा पगार वाचेल, लाइटचं बिल कमी होईल. मिरची दुसऱ्याकडून दळून घेतो, पुड्या माझ्या नावानं विकतो. वसुली झाली की परत मशीन चालू.” मग जरा थांबून म्हणाला, “घरी वडील म्हनतस, मशीन बंद करशी तर लोके काय म्हनतीन?”

मी काय सांगायला पाहिजे होतं? “बरोबर विचार करताय, बंद करा.” मी काय सांगितलं? “थांबला तो संपला, भाऊ. मशीन बंद करू नका.”

त्यानं माझं ऐकलं. मशीन चालू ठेवलं. बँकेचा हप्ता भरायला शेकडा तीननं पैसे उचलले. महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. कुठल्या मसाल्यात छत्तीस टक्के सुटतात? मग घरातलं सोनं गहाण पडलं. शेवटी मशीन मातीमोल भावानं विकलं गेलं आणि कर्ज राहिलं ते राहिलंच. आज तो एका कारखान्यात नोकरी करतो. भेटला की चहा पाजतो. मला कधी एका शब्दानं बोलला नाही. ते जास्त लागतं.

तो व्हिडिओ मी काढून टाकला. पण काढून टाकल्यानं त्याचं सोनं परत आलं नाही. म्हणून माझं आजचं मत स्पष्ट लिहितो. ‘थांबला तो संपला’ हे वाक्य छोट्या धंदेवाल्याला सांगणं धोक्याचं आहे. ते थांबणं आणि उतरणं यातला फरक पुसून टाकतं. तो भाऊ थांबायला विचारत नव्हता. तो उतरून, सायकल खांद्यावर घेऊन पळायला तयार होता. मी त्याला चिखलातच पायडल मारायला लावलं.

उतरणं कसं दिसतं

शिरपूरकडच्या एक ताई आहेत. बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया. उन्हाळ्यात चार बाया हाताखाली असतात. पहिल्या वर्षी त्यांनी पावसाळ्यातही काम रेटायचा प्रयत्न केला. बिबड्या वाळेनात, बुरशी धरली, माल परत आला, बायांची मजुरी मात्र द्यावी लागली.

दुसऱ्या वर्षी मृग लागला तसं त्यांनी बिबड्यांचं काम स्वतःहून बंद केलं. पण त्या घरी बसल्या नाहीत. त्याच गिऱ्हाइकांना कळण्याचं पीठ द्यायला लागल्या. ज्वारी आणि उडीद गिरणीतून दळून आणायचे, किलो-किलोच्या पिशव्या भरायच्या. नफा कमी, पण माल वाळवायची कटकट नाही आणि कळण्याची भाकरी तर पावसाळ्यात आपल्याकडे लागतेच. होळीच्या आधी ऊन तापलं की परत बिबड्या. गिऱ्हाईक तेच, फोन नंबर तोच, पिशवीवरचं नाव तेच.

याला मी उतरणं म्हणतो. सायकल टाकून द्यायची नाही, तिला खांद्यावर न्यायचं.

शर्यतीत घड्याळ कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे उतरलेला माणूस चालत नाही, पळतो. तेव्हा उतरणं म्हणजे आराम, असा अर्थ काढू नका. काम आकसलं तरी तीन गोष्टी खांद्यावरून खाली ठेवायच्या नाहीत. एक, गिऱ्हाइकांची यादी. महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाला फोन. दोन, कागदपत्रं. जीएसटी नंबर असेल तर उलाढाल शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर लेट फी चढते. खाण्याचा माल असेल तर अन्न परवाना बंद पडू द्यायचा नाही. तीन, उधारीची वही. काम बंद असतानाच वसुलीला वेळ मिळतो, तो वापरायचा.

फळी येण्याआधी उतरायचं

या शर्यतीचे व्हिडिओ हळू करून बघा. चांगला खेळाडू फळीवर आदळून उतरत नाही. फळी काही मीटर लांब असतानाच त्याचा उजवा पाय सीटवरून मागे आलेला असतो. सायकल चालू असते आणि तो एका पायावर उभा असतो. फळीपाशी येतो तेव्हा तो पळतच असतो. ज्याचा पाय उशिरा निघतो तो तोंडावर पडतो.

आपलं कुठे चुकतं? आपण पडल्यावर उतरतो. सोनं गेल्यावर, सावकार दारात आल्यावर, बायकोनं बोलणं बंद केल्यावर. तेव्हाचं ते उतरणं नसतं, ते पडणं असतं.

म्हणून धंदा बरा चालू असतानाच आपल्या फळ्या ठरवून ठेवा. मी माझ्या बॅचला तीन खुणा लिहायला लावतो.

पहिली खूण. घरखर्चाचे तीन महिन्यांचे पैसे बाजूला आहेत का? ते दोन महिन्यांवर आले की सावध, एकावर आले की उतरायचं.

दुसरी खूण. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरीकडून व्याजानं पैसे उचलायची वेळ आली. एकदाच आली तरी उतरायचं. “या महिन्यापुरतंच” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ऐकलं तरी पोटात गोळा येतो.

तिसरी खूण. गावात अडकलेली उधारी तुमच्या दीड महिन्याच्या खरेदीपेक्षा जास्त झाली. मग नवा माल बनवणं बंद, आधी वसुली.

हे आकडे मी अनुभवावरून ठरवलेत. तुमचे वेगळे असतील. पण असले पाहिजेत, आणि लिहिलेले पाहिजेत. धाप लागलेली असताना माणसाला हिशोब सुचत नाही.

पिट कुठे आहे ते माहीत ठेवा

सायक्लोक्रॉसमध्ये वाटेच्या कडेला एक जागा असते, तिला पिट म्हणतात. तिथे खेळाडूची दुसरी सायकल घेऊन त्याची माणसं उभी असतात. चिखलानं जड झालेली सायकल द्यायची, स्वच्छ सायकल घ्यायची. तो फेरी मारून येईपर्यंत पहिली सायकल पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन तयार. वाट अशी आखतात की एका फेरीत पिट दोनदा लागावा.

पण नियम कडक आहे. सायकल बदलायची ती पिटमध्येच. पिट ओलांडल्यावर साखळी तुटली तर उलटं मागे येता येत नाही. तुटकी सायकल घेऊन पुढच्या पिटपर्यंत पळत जायचं. म्हणून शहाणा खेळाडू सायकल कुरकुरायला लागली की तुटायची वाट न बघता पिटमध्ये शिरतो.

आपल्यालाही असे पिट आहेत. आपल्याला ते माहीत नसतात, किंवा माहीत असून आपण लाजतो.

बँकेचंच घ्या. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीएत जातं. पण त्याआधी ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस अशा पायऱ्यांवर बँक त्या खात्याकडे बघतच असते. आणि रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी अडचणीतल्या खात्यांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत घालून दिली आहे. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू आहे. १० लाखांपर्यंतच्या कर्जाचा विचार शाखेच्या पातळीवरच करता येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पुढे हप्ता जमणार नाही असं दिसत असेल तर उद्योजक स्वतःहून अर्ज करू शकतो. हप्ते पुन्हा बांधून देणं हा त्यातला एक मार्ग आहे. बँक हो म्हणेलच असं नाही. पण पहिल्याच महिन्यात वही घेऊन मॅनेजरसमोर बसलेला माणूस आणि चौथ्या महिन्यात फोन न उचलणारा माणूस, यात बँक कुणाचं ऐकेल?

दुसरा पिट उधारीचा. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल किंवा सेवा देत असाल, तर २००६ च्या कायद्यानुसार घेणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर केला तर व्याज लागतं, तेही बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढीनं. तक्रार करायला सरकारी पोर्टल आहे. ढाब्यावाल्याला उद्याच नोटीस पाठवा असं मी म्हणत नाही, रोजचा संबंध असतो. पण बिलावर उद्यम नंबर आणि ४५ दिवसांची ओळ छापलेली असली की बोलण्यात वजन येतं. उद्यम नोंदणी फुकट होते. कुणी हजार रुपये मागितले तर देऊ नका.

शर्यतीत आणखी एक नियम असतो, त्याला ८० टक्क्यांचा नियम म्हणतात. पुढच्याच्या पहिल्या फेरीला जितका वेळ लागला, त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त मागे पडलात की पंच बाहेर काढतात. तेव्हा कितीही सांगा की पायात दम आहे, उपयोग नाही. आपला पंच म्हणजे ते ९० दिवस. तो शिट्टी मारायच्या आत आपण पिटमध्ये असलं पाहिजे.

“सर, ही पळवाट नाही का?”

हा प्रश्न येणारच. उतरायची परवानगी दिली की माणूस पहिल्याच खड्ड्याला उतरेल. खरं आहे, असेही लोक असतात. म्हणून उतरताना परत चढायची तारीख लिहा. तारीख आली आणि रस्ता अजून चिखलाचाच असेल, तर परत एकदा हिशोब मांडा. दोनदा तारीख पुढे गेली तर मात्र सायकलच बदलायची वेळ आली, असं समजा. तेही वाईट नाही.

दुसरा प्रश्न, “काही जण फळीवरून सायकलसकट उडी मारतात, त्यांचं काय?” मारतात. बेल्जियमचा दानी दे बी १९८९ मध्ये जगज्जेता झाला, तो अशा उड्यांसाठी प्रसिद्ध होता. आजही काही जण मारतात. पण ती उडी हजार वेळा सराव केलेली असते. दुसऱ्याची उडी मोबाइलवर बघून आपली फळी ओलांडता येत नाही. यूट्यूबवर कोटींचे आकडे सांगणाऱ्यांना, माझ्यासकट, ऐकताना हे लक्षात ठेवा.

आणि लांब युरोपात कशाला जायचं? आपल्या शेजारचं नाशिक घ्या. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, साधारण ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. कशी? एक चालवायचा तेव्हा दुसरा विश्रांती घ्यायचा. म्हणजे प्रत्येक भाऊ जवळपास अर्धा वेळ सायकलवर नव्हता. त्यांना कुणी म्हणालं का, तुम्ही अर्धी शर्यत खाली बसून काढली? उतरणं हा त्यांच्या योजनेचाच भाग होता. न उतरता जायचं ठरवलं असतं तर दोघांपैकी कुणाची गाडी किती पुढे गेली असती, विचार करा.

आजचा गृहपाठ

वही घ्या. तुमच्या तीन खुणा लिहा, आकड्यात. खाली लिहा, ‘उतरल्यावर मी काय घेऊन पळणार?’ त्याच्या खाली तुमचा जवळचा पिट कुठला ते. बँकेच्या मॅनेजरचं नाव, उद्यम नंबर, आणि असा एक माणूस जो व्याज न लावता खरं बोलेल.

मग ते पान घरात एकाला दाखवा. बायकोला, नवऱ्याला, वडिलांना, कुणालाही. कारण उद्या खरंच मशीन बंद करायची वेळ आली आणि कुणी म्हणालं, “लोके काय म्हनतीन?” तर घरात एक तरी माणूस हवा, ज्याला हे आधीपासून माहीत आहे की तुम्ही पडलेला नाही आहात. नाला आला म्हणून सायकल खांद्यावर घेतली आहे, इतकंच.

त्या दोंडाईचाकडच्या भावाला मागच्या महिन्यात भेटलो. मिरचीच्या हंगामात रविवारी थोडी मिरची दुसऱ्याकडून दळून घेऊन कारखान्यातल्या लोकांना पुड्या विकायचा विचार करतोय म्हणाला. “चालेल ना सर?” असं विचारलं. या वेळी मी सल्ला द्यायची घाई केली नाही. त्याच्या वहीतले आकडे आधी बघितले. मग म्हणालो, “चालेल.”

भेटूया पुढच्या व्हिडिओत.